आडव्या तिचाकीला मोटर

माझ्या गाडीचा पहिला लांबचा प्रवास टोमॅटोच्या क्रेटवर, दोरीनं करकचून बांधलेल्या अवस्थेत झाला. साताऱ्याहून इस्लामपूरला निघालेल्या टेम्पोत ती मागं आणि मी पुढं ड्रायव्हरशेजारी. स्वतःच्या गाडीवरून जतला जाते म्हणून गावभर सांगून ठेवलेलं, आणि निघाले टेम्पोतून! पण करता काय? या गाडीत बसलं की माझं डोकं ट्रकच्या चाकाच्या उंचीवर येतं. माझा भाऊ सुधाकर म्हणाला, "ताई, हायवेला तू कुणाला दिसणारच नाहीस. इस्लामपूरपर्यंत टेम्पोनं जा आणि तिथं मोटर बसवून घे."

गाडी काय चीज आहे ते आधी सांगते, कारण पुढं वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला मला ते सांगावं लागलं आणि तुम्हीही विचारणारच. पुढं दोन चाकं, मागं एक. मध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर आरामखुर्चीसारखी बैठक. तीत मागं रेलून बसायचं, पाय समोर पसरायचे आणि पुढं असलेली पेडलं मारायची. माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. गेला म्हणजे आहे, पण नावापुरता. साध्या सायकलवर मला तोल धरता येत नाही. इथं मात्र पाठीला टेका मिळतो, डावा पाय पट्ट्यानं पेडलला बांधून ठेवता येतो आणि उजवा दोघांचं काम करतो. सुधाकर फौजेत वर्कशॉपला आहे. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यानं असल्या गाडीचं चित्र पाहिलं. एका समारंभात हारतुरे, भाषण आणि फोटोसकट मला मिळालेली हातानं फिरवायची तिचाकी व्हरांड्यात गंजत पडली होती. सुट्टीवर आल्यावर त्यानं ती कापली आणि तिच्यातून ही गाडी उभी केली, म्हणजे आडवी केली.

सपाटीला गाडी झकास चालायची. चढ आला की मात्र माझा एकटा उजवा पाय हात टेकायचा. म्हणून मोटर.

आणि घाई होती ती नोकरीची. जतच्याही पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. तिथं अधीक्षिका हवी होती. मुलाखत छान झाली. शेवटी संस्थेचे चिटणीस माझ्या पायाकडं बघत म्हणाले, "बाई, तुमचं शिक्षण, अनुभव, सगळं उत्तम. पण एसटी फाट्यावरच सोडते. धान्य आणायचं, एखादी मुलगी तापानं फणफणली तर फाट्यावर न्यायची, ही धावपळ तुम्ही कशी करणार?"

"माझी गाडी आहे," मी म्हटलं.

"मग येता सोडून पुढच्या सोमवारी दुपारच्या आत गाडीवरून या. कुणी ढकलत नाही, ओढत नाही, अशा. आलात तर रुजू व्हा. नाहीतर दुसऱ्या एक बाई तयार आहेत."

मला इतका राग आला की मी लगेच हो म्हटलं.

इस्लामपुरात दिनकर मिस्त्रींचं मोटर वायंडिंगचं दुकान. उसाला पाणी देणाऱ्या पंपांच्या जळक्या मोटरींचा बाहेर ढीग आणि आत एकच स्टूल, त्यावर मिस्त्री. त्यांनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "व्हतंय की! लय सोपं काम हाय. उद्या या."

उद्या गेले. मिस्त्री लग्नाला. परवा गेले. लाइट नाही. तेरवा दोन्ही होते, तर एका बागायतदाराचा पंप आधी आला, कारण त्याचा ऊस वाळत होता. मी दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसले. चहा आला, भजी आली, मोटर काही येईना. शेवटी मी मोठ्या आवाजात म्हटलं, "मिस्त्री, माझी नोकरी वाळायला लागली!" तेव्हा कुठं ते उठले.

एका मोटारगाडीच्या रेडिएटरच्या पंख्याची मोटर त्यांनी मागच्या चाकाजवळ बसवली. बैठकीमागं जीपची बॅटरी आली आणि हँडलला हॉर्नचं बटण. बटण दाबलं की मोटर चालणार. मी बसले, डावा पाय बांधला आणि बटण दाबलं. देवा! मोटरीबरोबर पेडलंही गरागरा फिरायला लागली. उजवा पाय मी काढून घेतला, पण डावा बांधलेला. तो बिचारा शिवणाच्या मशीनसारखा वरखाली, वरखाली. मी किंचाळले.

"आवं, पायाला व्यायाम हुतोय की!" मिस्त्री हसत म्हणाले.

"मिस्त्री, पाय आहे तो माझा! गिरणीचा पट्टा नव्हे!"

मग मोटरीबरोबर पेडलं फिरू नयेत म्हणून त्यात फ्रीव्हील घालायला आणखी अख्खा दिवस गेला. सगळं झाल्यावर मिस्त्रींनी नारळ काढला. मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात नारळ फोडत नाहीत."

"तुमी कुटं फोडताय? म्या फोडतोय. मोटर मी बसिवलीया." आणि त्यांनी पुढच्याच चाकाजवळ दगडावर नारळ हाणला. निम्मं पाणी बैठकीच्या कापडात मुरलं. पुढं जतपर्यंत माझ्या पाठीला मुंग्या चावत होत्या, त्या याच नारळाच्या.

निघताना मात्र त्यांनी मला बजावलं. "ताई, बॅटरी चार्ज झाली की वरची बुचं उघडी ठिवायची, वाफ जाऊ द्यायची. आत पाणी कमी दिसलं तर ह्या बाटलीतलंच घालायचं. नळाचं न्हाई, हिरीचं न्हाई. लक्षात ऱ्हाईल न्हवं?"

"राहील," मी म्हटलं. माझ्या लक्षात राहिलंच. पण नुसतं माझ्या लक्षात राहून उपयोग नव्हता, हे पुढं कळलं.

इस्लामपूर सोडून आष्ट्याच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर पडलेली वाढी (उसाचे हिरवे शेंडे), आणि ती चघळत चाललेले बैल माझ्यापेक्षा उंच. एक लहानसा चढ आला. उजवा पाय जड झाला, तसं मी बटण दाबलं. गाडी हळूच पुढं सरकली आणि चढली. आजवर कुठल्याही चढावर मला पाठीमागून कुणीतरी ढकलत आलं आहे. आई, सुधाकर, शाळेतल्या मुली, ओळख ना पाळख असे बाप्ये. आता पाठीमागून रेटा येत होता आणि मी वळून पाहिलं तर मागं कुणीच नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्या उसात मी मोठ्यानं हसले. एका बैलगाडीवाल्यानं विचारलं, "बरं हाय न्हवं, ताई?"

आनंद आष्ट्यापर्यंत टिकला. बाजाराचा दिवस होता. मी चहाला थांबले आणि गाडीभोवती हा गराडा! "दवाखान्याची गाडी हाय व्हय?" "झोपून का चालिवताय?" "पेशंट कुटं हाय?" मी म्हटलं, पेशंट नाही, मी आहे. एकानं डोकं हलवत म्हटलं, "म्हंजी तुमीच की." एवढ्यात एका पागोटेवाल्या बाबांनी हॉर्न वाजतो का बघायला बटण दाबलं. हॉर्न कुठला वाजतोय? गाडी सुटली ती थेट वांगी विकणाऱ्या मावशीच्या ढिगात. मावशी कुणावर ओरडली? बाबांवर नाही, माझ्यावर! "गाडीला येसण घालावी की, बाई!" मी जमिनीवर बसून वांगी गोळा केली आणि बाबा माझा चहा पिऊन गेले.

शिवाय आष्ट्यातून बाहेर पडताना दोघा तरण्या गड्यांनी न विचारता गाडी ढकलायला घेतली. मी ओरडतेय, "हात लावू नका! मोटर आहे!" आणि ते पळताहेत. "आसूं द्या ताई, तेवढंच पुण्य!" वेशीबाहेर बऱ्याच अंतरावर नेऊन सोडलं मला. हँडल वाकडं झालं. त्यांच्या पुण्यापायी मला पाना शोधत फिरावं लागलं.

कृष्णेचा पूल ओलांडून संध्याकाळी सांगलीत शिरले. लॉजच्या मॅनेजरनं बॅटरी बघून भुवया वर केल्या. "मॅडम, वायरी लोंबणारी पेटी खोलीत न्यायची नाही. दिवस कसले आहेत!" मी समजावलं, फौजेतल्या सुधाकरचं नाव सांगितलं, मिस्त्रींचं नाव सांगितलं. शेवटी बॅटरी त्याच्याच टेबलाखाली चार्जिंगला लागली आणि तो पाय खुर्चीवर घेऊन बसला. मी समोरच्या बाकावर भडंग खात त्याच्याकडं बघत राहिले. भडंग मात्र फर्मास होतं, तिखट, लसणाचं, कुरकुरीत. त्या प्रवासात वेळेवर आणि सांगितल्यासारखी मिळालेली ती एकमेव वस्तू.

मिरज मागं पडलं तसा हिरवा रंग कमी होत गेला. कवठेमहांकाळपर्यंत द्राक्षांचे मांडव सोबतीला होते. त्यापुढं नुसता वारा, तोही समोरून. मोटर तापून जळका वास यायला लागला, की मी थांबायची, बाभळीच्या फाटक्या सावलीत तिला निववायची, पुन्हा निघायची. मध्ये एक मुक्काम केला, पुन्हा बॅटरी, पुन्हा तेच प्रश्न. जतच्या पुढं माळ, कुसळं, मेंढरांचे कळप. पाण्याचा टँकर धूळ उडवत गेला आणि त्याच्यामागं घागरी घेऊन बायका पळाल्या. रविवारी दिवस कलताना मी वसतिगृहाच्या फाट्याशी पोचले. सोमवारी दुपारच्या आत म्हटलं होतं ना? मी आदल्या दिवशीच येऊन उभी! मिस्त्रींचं, बाबांचं, त्या पुण्यवानांचं नाक ठेचलं, असं मला वाटलं.

फाट्यावर भीमाण्णांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीमागं त्यांचं घर. पुढच्या चढाआधी बॅटरी चार्ज करायला हवी होती, आणि त्याला गिरणीपेक्षा चांगली जागा कुठली? त्यांची म्हातारी आई, सत्यव्वा, दारातच मेंढीच्या पिल्लाला काहीतरी भरवत बसली होती. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारी. मला बघून म्हणाली, "बा तंगी, कुंद्र (ये धाकटे, बस)." मी सवयीप्रमाणं आधीच सांगून टाकलं, आम्ही बौद्ध, साताऱ्याचे. नंतर कुणाला अवघडल्यासारखं व्हायला नको. ती म्हणाली, "आसशील. माडगं खातीस न्हवं?" माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम पेज. त्याबरोबर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी तीन वाट्या प्याले.

सकाळी बॅटरी भरली होती. मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणं मी सहाही बुचं उघडून ठेवली. सत्यव्वा वाकून बघत होती. "ही भोकं कशाला गं?"

"आजी, हिला पाणी लागतं. पाणी नसलं तर ही मरते."

एवढं बोलून मी आंघोळीला गेले. पुरतं सांगायला हवं होतं, पण म्हातारीला काय कळणार म्हणून मी वाक्य तिथंच तोडलं. परत आले तर बॅटरी अंगणात उन्हात, धुऊनपुसून लखलखीत. खाली जमिनीवर पांढरा फेस फसफसत होता. सत्यव्वा पदराला हात पुसत, समाधानानं उभी.

"आजी, काय केलंत?"

"शिळं झालं हुतं गं पाणी. आंबूस वास मारत हुता. पिल्लाला घालीन म्हटलं तर त्ये त्वांड फिरवतंय. मग दिलं वतून. दोनदा खळखळून इसळली आन् ताजं भरलं. काटोकाट."

बॅटरीतलं सगळं तेजाब तिनं जमिनीवर ओतलं होतं! त्यात पिण्याचं पाणी भरलं होतं. या घरात रोज सकाळी कालचं पाणी जनावराला घालतात आणि पाहुण्याला ताजं देतात. माझी बॅटरीही पाहुणीच की.

आधी मी तिचे हात धरले. बोटं लाल झाली होती. "वाईच चुरचुरत्यात," ती म्हणाली. मी घागर उचलली आणि तिच्या हातांवर ओतत राहिले. ती ओरडायला लागली, "पुरं की! किती वततीस! पाणी हाय त्ये!" भीमाण्णा धावत आले, बॅटरी बघून मटकन खाली बसले आणि आईला कानडीत काहीबाही बोलले. तिला हळूहळू उमगलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

मी कुणावर चिडू? आईनं मला तिच्या लहानपणची गोष्ट अनेकदा सांगितली आहे. विहिरीपासून लांब उभं राहायचं, कुणी दया करून वरून धार धरली तर ओंजळीनं प्यायचं. आणि इथं एका बाईनं टँकरमागं पळून भरलेली, स्वतःच्या घरची घागर माझ्या बॅटरीत रिकामी केली. विचारलंसुद्धा नाही. हे सगळं मला तिथंच, त्या अंगणात कळलं. तरी चिडले. खोटं कशाला सांगू? मिस्त्रींनी दिलेली पाण्याची बाटली उचलून मी गिरणीच्या भिंतीवर फेकली. तेवढंच शुद्ध पाणी उरलं होतं, तेही गेलं.

भीमाण्णा म्हणाले, "ताई, माझ्या सायकलीला दोरी बांधतो. वसतिगृहापर्यंत वढत नेतो."

"नाही. ओढत नाही, ढकलत नाही. तसंच ठरलंय."

बॅटरी तिथंच ठेवली, तेवढंच ओझं कमी. सत्यव्वा हातांना तेल चोपडून माझ्याबरोबर निघाली. नको म्हटलं, ऐकेना. सुरुवातीची वाट सपाट होती. मग वसतिगृहाचा माळ लागला आणि सबंध चढच. मी उजव्या पायानं रेटत होते. चार हात वर जायचं, दम संपायचा, की गाडी मागं घरंगळायची. ब्रेक दाबून हात भरून आले. सत्यव्वा पुढं आली तशी मी खेकसले, "हात लावू नका!"

"न्हाई लावत, बाई," ती म्हणाली. तिनं वाटेवरचा एक दगड उचलला आणि मागच्या चाकाला उटी लावली, बैलगाडीला चढावर लावतात तशी. गाडी थांबली. मी श्वास घेतला. पुन्हा रेटलं, चार हात वर. पुन्हा उटी. असं किती वेळा झालं कोण जाणे. उजवा पाय थरथरायला लागला तेव्हा मी डाव्यावर ओरडले. खरंच ओरडले, "तू काय नुसता बसून येतोयस? लाव की जोर!" सत्यव्वाला वाटलं तिलाच म्हणते. ती म्हणाली, "तूच म्हणालीस न्हवं, हात लावू नगो?" मला हसू फुटलं, आणि हसता हसता गाडी पुन्हा मागं आली.

चिटणीस वसतिगृहाच्या फाटकात उभे होते. मुली भिंतीवर बसल्या होत्या. मी आत शिरले तेव्हा ऊन डोक्यावर यायला अवकाश होता. त्यांनी सत्यव्वाकडं बघितलं. "आजी, तुम्ही ढकललंत?"

"म्या हातबी लावला न्हाई. दगुड लावला."

त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी हसून मान डोलावली आणि कौतुकानं हँडलचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

"मोटर बंद आहे?"

"हो."

"मग आलात कशानं?"

"पायांनी," मी म्हटलं.

ते मग मुलींकडं वळून भाषणाच्या सुरात म्हणाले, "बघा मुलींनो! याला म्हणतात जिद्द! जिद्द असली की मोटरीची गरजच काय?"

इतक्या दिवसांचा सगळा वैताग माझ्या तोंडाशी आला. "साहेब," मी म्हटलं, "मोटरीची गरज आहे. उद्याही आहे, परवाही आहे. मुलगी तापली तर मी तिला जिद्दीवर बसवून फाट्यावर नेणार का? जिद्द एखाद्या दिवशी असते. बॅटरी रोज भरता येते. मला नवी बॅटरी हवी."

मुली हसल्या. चिटणिसांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आत या. आधी रुजू व्हा, मग भांडा."

सामान आणायला मी एसटीनं साताऱ्याला परतले. गाडी वसतिगृहातच ठेवली, मुलींना बटणाला हात लावायचा नाही अशी तंबी देऊन. खिडकीतून उलटा रस्ता बघताना वाटत होतं, लोकांनी या प्रवासात मला जितकं छळलं, त्यातलं काहीच कुणी वाइटावर असून केलेलं नव्हतं. त्याचाच जास्त वैताग येतो. वाईट माणसाला निदान शिवी देता येते. भल्या माणसाला काय द्यायचं? सत्यव्वाला मी निघताना मिठी मारली आणि बॅटरीपासून लांब राहायला सांगितलं.

घरी पोचले तेव्हा मला उंबरा ओलांडवेना. आईनं बघितलं आणि नेहमीसारखी तेलाची वाटी कोमट करून आणली. तिचा हात इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या डाव्या पायाकडं गेला.

"आज फार बसलीस एसटीत. ह्योच ना?"

"नाही गं, दोन्ही," मी म्हटलं. "दोन्ही दमलेत."

आईनं वर पाहिलं. डावा पाय अवघडायचा, गार पडायचा, रात्री ठणकायचा, ते सगळं तिला ठाऊक होतं. दमल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. मग तिनं वाटी मध्ये ठेवली आणि दोन्ही पाय मांडीवर घेतले.